जुळत्या नंबरचं पिस्तूल

ऑकलंड, ९ एप्रिल २०२५

नागसेन भाऊजी,

सप्रेम जय भीम.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. फोन म्यूट करता येतो, दारात पडलेलं पाकीट करता येत नाही. राजाराम जानेवारीत गेला हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या सुरभीनं भेटायचा फोन केला तेव्हा मागे तुमचं खाकरणं मला ऐकू आलं होतं. असो. आज मी भांडायला बसलेली नाही. माझं काम आहे, आणि अडला हरी म्हणतात तशी गत आहे. पुढचं तुम्हाला पाठ असेलच, गाढव कोण ते तुम्हीच ठरवा.

काम असं. राजारामची पाच जपानी पिस्तुलं. परवाना त्याच्या नावाचा होता, तो त्याच्याबरोबर संपला. शस्त्र परवान्याच्या ऑफिसातून मेरे नावाची माओरी बाई आली. नमस्कारासारखं 'किआ ओरा' म्हणाली, चहा घेतला, माझा हात बराच वेळ हातात धरून बसली आणि मग पाचही पिस्तुलं नेण्याची व्यवस्था केली. आता ती ईस्ट टामाकीला ग्रॅहमच्या बंदुकांच्या दुकानात पोलादी खोलीत आहेत. जमवण्याचा रीतसर परवाना असलेल्या माणसालाच ती देता येतात. वर्षअखेरपर्यंत तसं कुणी मिळालं नाही, तर चिरडून भट्टीत.

चार पिस्तुलं घ्यायला ग्रॅहम एका पायावर तयार आहे. पाचवं नको म्हणतो. कुठलाच संग्राहक ते घेणार नाही म्हणतो. का, असं विचारलं तर म्हणाला, तुम्हीच येऊन बघा.

आणि ते पाचवं राजारामचं सगळ्यात लाडकं, तुम्ही दोघं ज्याच्यावर जेवण थंड होईपर्यंत बोलायचात ते. पामरस्टन नॉर्थच्या प्रदर्शनात ज्याच्यासमोर तुमची ओळख झाली ते. हॉलभर पांढऱ्या दाढ्या आणि त्यात दोन सावळे मराठी, एकाच काचेला नाक लावून उभे. घरी येऊन राजाराम म्हणाला होता, "सुलेखा, मला एक वेडा भेटला." इतका खूश मी त्याला अभिषेकच्या बारशातही पाहिला नव्हता.

अभिषेकला विचारलं तर म्हणाला, "मम, जस्ट हँड इट इन. इट्स अ गन." तोही चुकीचं बोलत नाही. मला बंदुकांचं प्रेम नाही, पण हे एक भट्टीत जाऊ नये असं वाटतं. तुमच्याकडे परवाना आहे. घ्याल का?

आणि एक विचारायचं राहिलं. त्या दसऱ्याला मी हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून आले तेव्हा टेबलावर ताटं वाढलेली, श्रीखंडाला चमचा लागलेला नाही आणि तुम्ही व सुरभी निघून गेलेले. राजाराम म्हणाला, "त्याला काम निघालं." एवढी वर्षं संपेना असं कुठलं काम हो?

सुलेखा


ऑकलंड, २५ मे २०२५

नागसेन भाऊजी,

सप्रेम जय भीम.

उत्तर नाही. ठीक. मी ईस्ट टामाकीला जाऊन आले.

ग्रॅहमनं पाचही पिस्तुलं निळ्या मखमलीवर मांडली. मी इतकी वर्षं त्या तिजोरीवरची धूळ पुसली, पण आतल्या वस्तूंकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. राजाराम हात लावू द्यायचा नाही. पांढरे सुती मोजे घातल्याशिवाय तो स्वतःही हात लावत नसे. घामातल्या मिठानं ब्लूइंग जातं म्हणायचा. ब्लूइंग म्हणजे पोलादावरची ती निळसर काळी झळाळी, हे आता मला कळलं. चार पिस्तुलांवर ती कावळ्याच्या पंखासारखी दिसते.

मी औषधं मोजणारी बाई. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तारीख आणि बॅच नंबर बघते. पाचव्याच्या बाजूला बारीक आकडे: पंधरा, टिंब, नऊ. मला वाटलं पंधरा सप्टेंबर. ग्रॅहम हसला. जपानी लोक तेव्हा सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षं लिहायचे, म्हणजे पंधरावं वर्ष, नववा महिना. आपल्या पंचांगात शके असतं तसंच की! त्याला म्हटलं, मग थांब, सांगू नकोस. सम्राट १९२६ ला गादीवर आला एवढंच विचारून घेतलं आणि हिशेब करून मीच सांगितलं, १९४० चा सप्टेंबर. तेव्हापासून तो मला जरा मान देतो.

मग मी थांबलेच नाही. चापाभोवतीची कडी एवढी मोठी का? मांचुरियाच्या थंडीत हातमोजा घातलेलं बोट आत जावं म्हणून. नंबर प्रत्येक सुट्या भागावर का? कारण भाग हातानं घासून एकमेकांत बसवलेले, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. हे न्यूझीलंडला कसं आलं? युद्धानंतर जपानात ठाण मांडून बसलेल्या इथल्या फौजेतला एक शेतकरी ते सामानात घेऊन आला आणि वायकाटोत दूध काढत म्हातारा झाला. राजारामला हे सगळं पाठ होतं. तो सांगायचा तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या ऐकत असे.

आता मुद्द्याचं. पाचवं पिस्तूल पांढरंफटक आहे. झळाळीचा कणही नाही. चापावर सोनेरी पिवळी झाक असायची म्हणे, तीही गेली. कुणीतरी खसाखसा घासलंय. ग्रॅहम म्हणाला, "समवन मर्डर्ड इट." गंज चढला असता तरी चाललं असतं, घासलेलं चालत नाही. म्हणून कुणी घेत नाही.

शिवाय त्याच्यात मॅगझिन नाही. खालून मुठीत सरकवायची ती गोळ्यांची डबी. तिच्यावर पिस्तुलाच्या नंबरचे शेवटचे आकडे असतात, आणि या पिस्तुलाची मूळ डबी कुठेतरी हरवली होती. ती शोधायला तुम्ही दोघांनी अर्धं न्यूझीलंड पालथं घातलंत, एवढं मलाही आठवतं. ग्रॅहम काय म्हणाला सांगू? "नाग्सेन फाउंड इट, यू नो. इयर्स अगो." ती डबी तुमच्याकडे आहे, भाऊजी?

माझ्या डोक्यात एक शंका होती, ती विचारूनच टाकते. तो दसरा. आदल्या दिवशी खंडेनवमीला सासूबाईंनी पाटावर शस्त्रं मांडली होती. विळी, सुऱ्या, गाडीच्या किल्ल्या, राजारामचा लॅपटॉप आणि हे पिस्तूल. कुंकू, अक्षता, फूल. मी इतकी वर्षं धरून चालले होते, की तुम्हाला ते खटकलं. तुमचा तो धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि आमच्याकडे हे असं. पूजेचा राग आला होता का? स्पष्ट सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही, किंवा घेईन, पण सांगा.

सुलेखा


ऑकलंड, ६ जुलै २०२५

नागसेन भाऊजी,

जय भीम.

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एवढंच: "वहिनी, ते पिस्तूल राजारामनेच खराब केलं. त्याने मला स्वतः तसं सांगितलं. कृपया आणखी विचारू नका." सरकारी खात्यात राहून माणूस असं लिहायला लागतो का? मी मात्र विचारणार.

मला हे पटत नाही. तो फॅक्टरीत क्वालिटी बघायचा. केसाएवढा ओरखडा दिसला तरी माल परत पाठवायचा आणि घरी येऊन त्याबद्दल बोलायचा. तो माणूस आपलं लाडकं पिस्तूल घासेल? मी राजारामशी संसार केलाय, तुम्ही फक्त मैत्री केलीत.

म्हणून मी प्रयोग केला. ग्रॅहमकडून कामातून गेलेल्या रायफलीची एक पट्टी आणली, तसंच ब्लूइंग असलेली. परवाना लागत नाही, विचारून घेतलंय. ओट्यावर वाट्या मांडल्या. लिंबू, व्हिनेगर, राख, भांडी घासायची पावडर आणि चिंच-मीठ. अभिषेक डोकावून म्हणाला, "मम, आर यू ओके?" म्हटलं, तुमच्या भाषेत हीप्स ओके, एकदम ठीक, जा.

लिंबानं डाग पडले. राखेनं ओरखडे आले. पावडरीनं तांबूस छटा राहिली. चिंच-मिठानं मात्र झळाळी सपशेल उतरली आणि खाली तोच फिका राखाडी रंग आला. पट्टी घेऊन थेट ईस्ट टामाकी गाठलं. पिस्तुलाशेजारी ठेवली तर कुठला रंग कुणाचा ते ओळखू येईना. ग्रॅहमनं भिंगातून बघून शिट्टी वाजवली. लाकडी मुठीच्या आडव्या खाचांत त्याला लाल भुकटी दिसली, तो म्हणाला गंज रोखायचा लाल रंग असेल. मी म्हटलं, बाबा रे, ते कुंकू आहे.

आता सांगा. राजारामला चिंच आमच्या घरात फळीवर असते की फ्रीजमध्ये, हे मरेपर्यंत माहीत नव्हतं. आमटी आंबट झाली की "लिंबू जास्त पडलं का?" विचारायचा. चिंचेनं भांडी उजळतात हे ज्याच्या गावीही नाही, तो माणूस चिंच भिजवून, कोळ काढून, मीठ घालून पिस्तूल घासत बसेल? तो तुमच्याशी खोटं बोलला, भाऊजी. का, ते मला अजून कळलेलं नाही. कळल्याशिवाय मला झोप लागायची नाही, हे खरंच सांगते.

सुलेखा


ऑकलंड, १७ ऑगस्ट २०२५

नागसेन भाऊजी,

कळलं.

आज सकाळी सासूबाईंना साताऱ्याला व्हिडिओ कॉल केला. दर रविवारी करते. त्यांना ऐकू कमी येतं, स्क्रीनवर नुसतं कपाळ दिसतं, पण स्मरण ताजं आहे. राजाराम गेल्यापासून कॉल लवकर ठेवायला बघतात. आज मी सहज म्हणून विचारलं, आई, तुम्ही इकडे आला होता त्या खंडेनवमीला राजारामच्या पिस्तुलाची पूजा केलीत, आठवतं का?

कपाळ हललं, चेहरा आला, आणि किती दिवसांनी हसऱ्या दिसल्या. म्हणाल्या, "न आठवायला काय झालं? मीच की गं घासली ती बंदूक! राजा आंघोळीला गेला होता. मी समया घासतच होते. बघितलं तर त्याची बंदूक काळी ठिक्कर पडलेली. असली वस्तू देवापुढं ठेवायची? चिंच कालवलेलीच होती, घेतली आणि लख्ख केली. हात दुखले माझे."

मी म्हटलं, मग राजाराम काय म्हणाला?

"काय म्हणणार? बाहेर आला, बघत उभा राहिला. मग म्हणाला, आई, आरशासारखी झाली गं. आणि माझे हात हातात घेऊन बसला. तुला सांगते सुलेखा, मी एवढी पितळी भांडी घासली जन्मभर, कुणी असं म्हटलं नव्हतं."

भाऊजी, मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून आधी हसले. मग रडले. तो गेला तेव्हा मी हॉस्पिटलातल्या लोकांसमोर नीट वागले, आल्यागेल्याला चहा केला, सगळे फॉर्म भरले. आज मात्र मी मोठ्यानं रडले. चोवीस तासही झाले नसतील, तुम्ही दारात आलात आणि विचारलंत कुणी केलं. तो काय सांगणार होता? आई ताट घेऊन मागेच उभ्या असणार.

मला राग आलाय त्याचा. मला तरी सांगायचं होतं! मी सासूबाईंना काही बोलले असते अशी भीती वाटली असेल. बोललेच असते म्हणा, तेव्हा आमचं फारसं पटत नव्हतं. तुम्हाला तरी नंतर एक फोन करून सांगता आलं असतं. पण तो असाच होता. एकदा आपल्या अंगावर घेतलं की मग ते खाली ठेवायचं कसं, हे त्याला कळायचं नाही.

त्यांना मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

वर्षअखेर जवळ येतेय, परवानगीलाही वेळ लागतो. मेरेनं परवा आठवण केली, तीही काय करणार? तुम्ही नाही म्हणालात तर ते पिस्तूल भट्टीत जाईल आणि मी ते मान्य करीन. आता काय झालं ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा निर्णय तुमचा.

सुलेखा


वेलिंग्टन, ३१ ऑगस्ट २०२५

वहिनी,

जय भीम.

तुमचं पत्र ऑफिसात नेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत बंदरावरच्या बाकावर वाचलं. वारा इतका होता की कागद दोन्ही हातांनी धरावा लागला. मग दुपारच्या मीटिंगला गेलो नाही.

आधी पूजेचं. वहिनी, कुंकू तेलाच्या बोळ्यानं निघतं. आमच्याकडे शस्त्राची पूजा करत नाहीत, खरं आहे. पण मी पिस्तुलं जमवतो म्हणून आमच्या विहारातली मंडळी मला काय कमी बोलतात? राग यायचाच असता तर पहिल्या भेटीत आला असता. तुमच्या सासूबाईंनी माझं नाव ऐकलं, नागपूरचा ना, म्हणाल्या, आणि "बरं बरं" म्हणून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला ते 'बरं बरं' नवीन नव्हतं. पण नंतर त्यांनीच आग्रह करून तिसरी पोळी वाढली, आणि पुढच्या वेळी विचारलं, माझा नागसेन आला का? ते 'माझा' मी विसरलो नाही.

आता त्या दिवसाचं. ती डबी मला वांगानुईच्या एका बाजारात, खिळ्यामोळ्यांच्या खोक्यात सापडली होती. आकडे बघितले आणि भाव न करता मागितले तेवढे पैसे दिले. राजारामला फोनवर सांगितलंच नाही. म्हटलं, दसऱ्याला आपट्याच्या पानाऐवजी हे हातात ठेवायचं. धम्मचक्र दिनाच्या ऑकलंडच्या कार्यक्रमाला येणारच होतो. सकाळी वंदना झाली आणि तसाच तुमच्याकडे आलो. त्यानं डबी बघितली. त्याच्या तोंडावर जो आनंद आला तो मी पाहिला आणि मग लगेच तो आनंद गेला, तोही पाहिला. मागे पाटावर पिस्तूल होतं.

मी विचारलं, कुणी केलं? तो म्हणाला, मी. मी त्याला म्हणालो, तुझी हे हातात धरायची लायकी नाही. डबी त्याच्या हातातून काढून घेतली. आई ताट घेऊन उभ्या होत्याच, तुम्ही बरोबर ओळखलंत. त्यानं मान वर केली नाही. मला वाटलं, शरमेनं.

तो खोटं बोलतोय हे मला त्याच्या हातांवरून कळायला हवं होतं. चिंचेनं घासणाऱ्याची बोटं दुसऱ्या दिवशीही काळी असतात. आईंची होती. मी पाहिली होती, पण पिस्तुलाशिवाय मला काही दिसतच नव्हतं.

परवानगीचा अर्ज केलाय. मंजूर झाला की मी गाडी घेऊन येतो. पुन्हा ब्लूइंग करून देणारे लोक आहेत, नव्यासारखं होतं. मी करणार नाही.

साताऱ्याचा नंबर पाठवाल का?

नागसेन


ऑकलंड, ५ ऑक्टोबर २०२५

नागसेन भाऊजी,

सप्रेम जय भीम.

पोचलात हे सुरभीनं कळवलं. तुम्ही त्या दिवशी ग्रॅहमच्या दुकानात डबी पिस्तुलात सरकवलीत, खट्ट आवाज झाला, आणि तुम्ही तिघं पुरुष, ग्रॅहमचा मदतनीस धरून, उगाच घसा साफ करत राहिलात. मला हसू आलं, पण मी हसले नाही. एकीकडे निळीकाळी डबी आणि दुसरीकडे पांढरं पिस्तूल, किती विजोड दिसत होतं. आणि नंबर बघावेत तर एकच. जेवायला थांबलात हे फार बरं केलंत. सँडरिंगहॅमच्या दुकानातलं श्रीखंड राजारामला आवडायचं नाही, फार गोड म्हणायचा. तुम्ही दोनदा घेतलंत.

आता जे सांगायला बसले ते. आज रविवार, म्हणून साताऱ्याला कॉल केला. मी काही बोलायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "अगं, दसऱ्याला नागसेनचा फोन आला होता! राजाच्या नागसेनचा!" शेजारच्या श्रियाला बोलावून तिच्याकडून मोठ्या आवाजावर लावून घेतला म्हणे. बराच वेळ बोललात. ती बंदूक आता तुमच्याकडे आहे, तुम्ही ती पुढं मांडून बसलात, सगळं सांगितलं त्यांनी. बाकीच्याही काळ्या असतील तर साताऱ्याला पाठवून दे, हात चालतात तोवर घासून देते, असंही तुम्हाला सांगितलंय म्हणाल्या. तेवढं सांभाळा.

मग आवाज उतरला. म्हणाल्या, "सुलेखा, तो रडत होता गं फोनवर. मी म्हटलं, अरे, एवढं रडायला काय झालं? बंदूक खराब झाली का? तर म्हणाला, नाही आई. फार सुंदर झालीय. राजाराम सांगत होता तशीच."

सुलेखा